मुलांना घरी स्पॅनिश शिकवायचं आहे: ऑनलाइन काय वापरावं, कोणत्या क्रमाने?

कवडसा:
नमस्कार मंडळी. मुलं दोन, वय ७ आणि १०. घरात मराठी, शाळा इंग्रजी माध्यमाची. मोठीला पुढच्या जूनपासून शाळेत स्पॅनिश आहे, आणि धाकट्याला तिच्या शेजारी बसून तेच करायचं आहे. घरात स्पॅनिश कुणालाच येत नाही. रोज अर्धा तास देता येईल. एक लॅपटॉप, एक अँड्रॉइड फोन आहे. पैसे भरून क्लास लावण्याआधी तीन-चार महिने फुकट साधनांवर पाया घालावा असा विचार आहे.

शोधायला गेलं की 'मुलांसाठी ५० उत्तम साइट' असल्या याद्या मिळतात. त्यातले बरेच खेळ उघडतच नाहीत, आणि जे उघडतात ते इंग्रजीतून शिकवतात. धाकटा अजून इंग्रजी अडखळत वाचतो. तर प्रश्न असे: इंग्रजीला बाजूला ठेवून शिकवता येईल का? उच्चार देवनागरीत लिहून दिले तर चालतील का? स्पेनचं स्पॅनिश धरावं की मेक्सिकोचं? आणि नुसतं ड्युओलिंगो हे ॲप पुरेल का?

घाटवाट:
खेळ उघडत नाहीत त्याचं कारण बहुतेक वेळा फ्लॅश. २०२० संपता संपता फ्लॅश बंद झालं आणि त्यावर बनवलेले भाषांचे असंख्य खेळ त्याच्याबरोबर गेले. याद्या मात्र तशाच फिरत राहिल्या. त्याआधीची यादी दिसली तर तिच्यात वेळ घालवू नका.

इंग्रजी बाजूला ठेवता येतं, आणि या वयाला तोच सरळ रस्ता आहे. पहिले सहा आठवडे वाचन नको, लेखन नको. ऐकायचं आणि ऐकून काहीतरी करायचं, एवढंच. त्यासाठी दोनच गोष्टी धरा.

एक म्हणजे पोकोयो. स्पेनमध्ये बनलेली, २००५ पासूनची कार्टून मालिका. यूट्यूबवर तिचं अधिकृत स्पॅनिश चॅनल आहे. एक भाग साधारण सात मिनिटांचा. मागे पांढराशुभ्र पडदा, त्यामुळे एका वेळी नजरेसमोर दोन-तीनच वस्तू असतात. निवेदक पोकोयोशी बोलतो, त्याला प्रश्न विचारतो, तोच प्रश्न पुन्हा विचारतो. त्यातल्या बदकाचं नावच पातो, म्हणजे बदक. एकच भाग चार दिवस चालवा. पहिल्या दिवशी नुसता बघायचा. दुसऱ्या दिवशी मध्येमध्ये थांबवून पडद्यावरच्या वस्तूवर बोट ठेवायचं आणि आत्ता ऐकलेला शब्द म्हणायचा. तिसऱ्या दिवशी आवाज बंद करून मुलांनी जमेल तेवढे शब्द स्वतः घालायचे. चौथ्या दिवशी पुन्हा आवाजासकट सलग. मोठी माणसं इथे चुकतात: आपल्याला कंटाळा येतो म्हणून रोज नवा भाग लावतात. मुलांना तोच भाग पुन्हा हवा असतो आणि शब्द पक्के होतात ते त्या पुन्हा बघण्यातच.

दुसरी म्हणजे सालसा. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या सार्वजनिक वाहिनीने बालवाडी आणि पहिली-दुसरीच्या मुलांसाठी केलेली बाहुल्यांची मालिका. भाग साधारण पंधरा मिनिटांचे, सगळं बोलणं स्पॅनिशमध्ये, शब्द मुद्दाम मोजके. तीन अस्वलांसारख्या माहितीच्या गोष्टी असल्यामुळे भाषा कळली नाही तरी काय चाललंय ते कळतं, आणि कळतंय म्हणूनच शब्द चिकटतात. हिचे भाग दोन तुकड्यांत दाखवा.

पडदा बंद झाल्यावर पाच मिनिटं हुकमांचा खेळ. ऐकून कृती करण्याची ही पद्धत जेम्स आशर यांनी १९६० च्या दशकात मांडली आणि भाषेच्या वर्गांत ती अजून वापरली जाते. सुरुवातीला सहाच हुकूम घ्या: लेवान्ताते (ऊठ), सिएन्ताते (बस), साल्ता (उडी मार), आब्रे ला पुएर्ता (दार उघड), दामे एल लापिस (पेन्सिल दे), तोकाते ला नारिस (नाकाला हात लाव). पहिला आठवडा हुकूम पालकांनी द्यायचे, मुलांनी नुसतं करायचं. बोलायचा आग्रह नाही. दुसऱ्या आठवड्यापासून मुलांनी पालकांना द्यायचे. आईला बारा वेळा उठाबशा काढायला लावताना लेवान्ताते आणि सिएन्ताते कायमचे पाठ होतात.

यूट्यूबची एक खोच सांगून ठेवतो. आता पुष्कळ व्हिडिओंना मशीनने केलेलं डबिंग जोडलेलं असतं. तुमच्या फोनची भाषा इंग्रजी किंवा हिंदी असेल तर स्पॅनिश व्हिडिओ आपोआप त्या भाषेत सुरू होऊ शकतो. व्हिडिओ चालू असताना दातेरी चाकाच्या खुणेवर जा, ऑडिओ ट्रॅक निवडा आणि मूळ स्पॅनिश लावा. ऑटोप्ले बंद करा. फोन मुलांच्या हातात द्यायचा असेल तर यूट्यूब किड्समध्ये पालकांनी मंजूर केलेलंच दिसेल अशी सोय आहे. त्यात तुम्ही निवडलेले व्हिडिओ टाका आणि बाकी सगळं बंद.

शब्दखेळ:
घाटवाट यांच्याशी सहमत. देवनागरीबद्दल मी सविस्तर लिहिते, कारण इथे मराठी मुलांना मोठा फायदा आहे आणि दोन-तीन खास मराठी खड्डेही आहेत.

फायदा असा. स्पॅनिशमध्ये स्वर पाचच: आ, ए, ई, ओ, ऊ. ते कुठेही बदलत नाहीत. त, द, प, क हे जवळपास आपलेच. इंग्रजीतून शिकवणाऱ्या व्हिडिओत मात्र पुष्कळदा बोलणारा इंग्रजी भाषक असतो, तो 'टाको' म्हणतो, 'पॅटो' म्हणतो, आणि मूल तेच उचलतं. मुलाला आधीच येत असलेला त आपण त्याच्याकडून काढून घेतो. म्हणून पहिल्या सहा आठवड्यांत आवाज फक्त स्पॅनिश मातृभाषा असलेल्यांचाच असावा. एखाद्या शब्दाची शंका आली तर फोर्व्हो या साइटवर शोधा. प्रत्येक शब्द खऱ्या माणसांनी म्हटलेला असतो आणि बोलणारा कोणत्या देशाचा तेही लिहिलेलं असतं.

आता खड्डे. पहिला जोडाक्षरांचा. आपण 'मित्र' लिहितो पण म्हणतो 'मित्त्र', 'सत्य' लिहितो पण म्हणतो 'सत्त्य'. आपल्या तोंडाला ही सवय इतकी आहे की ती ऐकूही येत नाही. त्यामुळे मराठी मूल लिब्रो (पुस्तक) हा शब्द 'लिब्ब्रो' म्हणतं, माद्रे (आई) 'माद्द्रे', निन्यो (मुलगा) 'निन्न्यो'. उपाय टाळ्यांचा: लि, टाळी, ब्रो, टाळी. नि, टाळी, न्यो, टाळी. दोन टाळ्यांच्या मध्ये व्यंजन अडकवायचं नाही, ते दुसऱ्या टाळीत न्यायचं. रोज पाच शब्द, आठवडाभर, की सवय सुटते. देवनागरीत लिहून दिलं की हा दोष नेमका वाढतो, कारण जोडाक्षर डोळ्यांसमोर आलं की आपण ते दाबूनच वाचतो.

दुसरा आघाताचा. मराठीत आघाताने अर्थ सहसा बदलत नाही, स्पॅनिशमध्ये बदलतो. पापा, जोर पहिल्या अक्षरावर, म्हणजे मेक्सिकोत बटाटा. पापा, जोर दुसऱ्यावर, म्हणजे बाबा. एस्ता, जोर पहिल्या अक्षरावर, म्हणजे 'ही', दुसऱ्यावर म्हणजे 'आहे'. देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतात. टेबलावर बोटाने ताल धरून जोराच्या अक्षरावर थाप मारायची, एवढं मुलांना पुरतं. मोठीला नियमही सांगता येईल: शब्द स्वराने, एनने किंवा एसने संपत असेल तर जोर शेवटून दुसऱ्या अक्षरावर, नाहीतर शेवटच्यावर, आणि यांपैकी काही नसेल तर स्वरावर तिरकी रेघ असतेच. तीन ओळींत सगळी भाषा वाचता येते. इंग्रजीत ही चैन नाही.

तिसरा र चा. पेरो म्हणजे 'पण', पेर्रो म्हणजे कुत्रा. पहिला र मराठीतलाच. दुसरा जिभेचं टोक थरथरवून, दुचाकी सुरू केल्यासारखा. सात वर्षांच्या मुलाला तो लगेच येईलच असं नाही. स्पॅनिश मुलांनाही तो उशिरा येतो. त्यावर रोज अडून बसू नका.

अक्षरांपैकी आपल्याकडे थेट नसलेला ध्वनी म्हणजे खोता, इंग्रजीतला जे. तो उर्दू 'ख़बर'मधल्या ख़सारखा, घशातून हवा घासत. रोख़ो म्हणजे लाल, ओख़ो म्हणजे डोळा. मेक्सिकोकडे तो बराच मऊ असतो, ह म्हटलं तरी चालतं. बी आणि व्ही यांचा उच्चार एकच. दोन स्वरांच्या मध्ये तो ओठ न चावता केलेल्या मराठी व च्या जवळ जातो. उवा (द्राक्ष) म्हणताना मूल बरोबर म्हणतंय आणि इंग्रजी शाळेतून आलेला पालक त्याला दातांनी ओठ दाबायला सांगतोय, असं होऊ देऊ नका.

तर देवनागरीचं उत्तर: पालकाने स्वतःच्या वहीत आठवणीसाठी जरूर लिहावं, जसं आपण इथे लिहितो आहोत. मुलांच्या वहीत नको. मूल आधी ऐकेल आणि सातव्या आठवड्यापासून थेट स्पॅनिश लिपी वाचेल.

कानासाठी मात्र मराठी जरूर वापरा. गातो म्हणजे मांजर. सोपा म्हणजे सूप. साल म्हणजे मीठ. पान म्हणजे पाव. ओला म्हणजे नमस्कार. सेमाना म्हणजे आठवडा. 'मांजर गातो, सूप सोपा' असं एकदा म्हटलं की सात वर्षांचं मूल तो शब्द विसरत नाही. मामा म्हणजे आई, जोर दुसऱ्या अक्षरावर. हे ऐकून मुलं आधी हसतात आणि मग आठवडाभर मामाला आई म्हणत फिरतात. काका हा शब्द मात्र आधीच सांगून ठेवा. स्पॅनिश लहान मुलांच्या भाषेत त्याचा अर्थ शी असा आहे, आणि ऑनलाइन वर्गात 'हे माझे काका' म्हणून ओळख करून दिली की मुलाची पंचाईत होते.

निळाई:
स्पेन की मेक्सिको याचं उत्तर शाळेकडून घ्या. मोठीच्या शाळेत कोणतं पुस्तक आहे ते विचारा आणि शब्द त्या बाजूचे धरा. फरक रोजच्या वस्तूंत जास्त दिसतो: ज्यूस स्पेनमध्ये थुमो, पलीकडे ख़ुगो, बटाटा स्पेनमध्ये पाताता, पलीकडे पापा, गाडी स्पेनमध्ये कोचे, पलीकडे बऱ्याच देशांत कार्रो (मेक्सिकोत दोन्ही). स्पेनमध्ये 'तुम्ही मुलं' यासाठी वोसोत्रोस आणि त्याचं वेगळं क्रियापद आहे. अमेरिका खंडात सगळीकडे उस्तेदेस. उच्चारात मोठा फरक सी आणि झेडचा. स्पेनच्या बऱ्याच भागात जिभेचं टोक दातांच्या मध्ये ठेवून हवा सोडतात. वर मी थुमो लिहिलं, पण तो मराठी थ नव्हे. आपला थ हवा अडवून सोडतो, हा अडवतच नाही. मुलाला जमत नसेल तर सरळ स म्हणू द्या. लॅटिन अमेरिकेत आणि स्पेनच्या कॅनरी बेटांवर तोच उच्चार आहे, त्यात चूक काही नाही. पोकोयो स्पेनच्या उच्चाराचा आणि सालसा पलीकडच्या, म्हणून घाबरू नका. दोन्ही ऐकलेलं मूल गोंधळत नाही; दोन्हीकडचे शब्द एकाच वेळी पाठ करायला लावलेलं मूल गोंधळतं.

ड्युओलिंगोबद्दल माझं मत: धाकट्यासाठी नको, मोठीसाठी दहा मिनिटं चालेल, अटी घालून. त्यात स्पॅनिशचा बराचसा सराव इंग्रजी वाचून, इंग्रजीत उत्तर देऊन होतो. अडखळत वाचणारं मूल स्पॅनिश नाही, इंग्रजी स्पेलिंग सोडवत बसतं. दुसरं, पर्यायाचे शब्द खाली ठोकळ्यांत दिलेले असतात. मूल ओळखून टॅप करतं, पडद्यावर हिरवं दिसतं, आणि संध्याकाळी 'पाणी दे' म्हणायला सांगितलं तर तोंडातून शब्द फुटत नाही. ओळखणं आणि आठवणं ही दोन वेगळी कामं आहेत. म्हणून नियम करा: आधी पूर्ण वाक्य मोठ्याने म्हणायचं, मगच बोट लावायचं. जिथे ठोकळ्यांऐवजी कीबोर्ड निवडता येतो तिथे कीबोर्ड निवडायचा.

तिसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. स्वरावरची रेघ किंवा एनवरची लाट विसरली तरी ॲप उत्तर बरोबर धरतं, बाजूला एक बारीकशी सूचना दाखवतं, जी कुठलंही मूल वाचत नाही. आन्यो म्हणजे वर्ष. त्यातल्या एनवरची लाट गेली की तो शब्द शरीराच्या मागच्या भागाचं नाव होतो. 'मी दहा वर्षांची आहे' हे वाक्य मूल पहिल्या महिन्यातच लिहितं, त्यामुळे ही चूक वर्गात होणारच. फोनच्या जीबोर्डमध्ये (गुगलचा कीबोर्ड) सेटिंग्जमधून स्पॅनिश भाषा जोडा, एन्ये, म्हणजे लाटवाला एन, स्वतंत्र कळ म्हणून येतो. रेघेचा स्वर हवा असेल तर त्या स्वराची कळ दाबून धरायची. लॅपटॉप विंडोजचा असेल आणि उजवीकडे अंकांची पट्टी असेल तर आल्ट धरून १६४ दाबा, एन्ये येतो; १६८ ने उलटं प्रश्नचिन्ह, १७३ ने उलटं उद्गारचिन्ह.

तिसरी_घंटा:
शब्द टिकवायचे तर अँकी, म्हणजे शब्दांची कार्डं ठरावीक अंतराने उजळणीला आणणारं ॲप. अँड्रॉइडवर अँकीड्रॉइड फुकट आहे, लॅपटॉपवरही फुकट. आयफोनवर पैसे पडतात. तयार संच उतरवू नका. ते बहुतेक मोठ्यांसाठी, एका बाजूला इंग्रजी शब्द आणि दुसऱ्या बाजूला स्पॅनिश. मुलांसाठी कार्ड असं करा: पुढे फक्त आवाज, मागे फक्त चित्र. अक्षर एकही नाही. आवाज फोर्व्होवरून घ्या, उतरवण्यासाठी तिथे फुकट खातं उघडावं लागतं. चित्र म्हणून स्वतःच्या घरातल्या वस्तूचा फोटो: तुमचंच दार, तुमचीच बादली. दोन आठवड्यांनी त्याच वस्तूचं उलटं कार्ड करा, पुढे चित्र आणि मागे आवाज. आता मुलाने शब्द म्हणायचा आहे.

संख्या: आठवड्याला बारा शब्द, दिवसाला दोन-तीन नवी कार्डं. ॲपमध्ये रोजची नवी कार्डं २० ठरवलेली असतात, ती संचाच्या पर्यायांत जाऊन ३ करा. हे केलं नाही तर पहिले दहा दिवस मजा येते आणि अकराव्या दिवशी उजळणीची शंभर-सव्वाशे कार्डं अंगावर येतात. बहुतेक घरांत अँकी तिथेच सुटतं. दोन मुलं असतील तर लॅपटॉपवर दोन वेगळी प्रोफाइल. एकाच संचावर दोघं बसली की कुणाला काय येतं याचा हिशोब ॲपला लागत नाही आणि मोठी उत्तर देते, धाकटा मान डोलावतो.

शब्द कधीही एकटा टाकू नका. 'कासा' नाही, 'ला कासा' (घर). 'लिब्रो' नाही, 'एल लिब्रो'. लिंग नंतर चिकटवता येत नाही. आणि आवाजही एल किंवा ला सकट असलेलाच शोधा. नाही मिळाला तर सोपं वाक्य घ्या.

गुगल भाषांतर शब्द ऐकण्यापुरतं ठीक. मराठी वाक्य टाकून स्पॅनिश घ्यायला जाल तर तू-तुम्हीचा भेद पुष्कळदा गळून पडतो, आणि 'मी दमले' असं बाईने लिहिलं तरी उत्तर पुरुषाचं, कान्सादो, येऊ शकतं. ते तपासल्याशिवाय मुलांना देऊ नका.

रानवाट:
व्याकरणाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून थोडं. इंग्रजीतून शिकवणाऱ्या साइट ज्या गोष्टींवर पानंच्या पानं खर्च करतात, त्यातल्या काही मराठी मुलाला शिकवाव्याच लागत नाहीत.

मे गुस्ता. इंग्रजीत 'मी आवडवतो' अशा धाटणीचं वाक्य, त्यामुळे तिकडच्या मुलांना हे उलटं वाटतं. मराठीत? मला आवडतं. मे म्हणजे मला, गुस्ता म्हणजे आवडतं. मे गुस्ता एल मांगो: मला आंबा आवडतो. मे गुस्तान लोस मांगोस: मला आंबे आवडतात. आंबा एक असो की अनेक, क्रियापद आंब्याच्या मागे जातं, दोन्ही भाषांत. पाच मिनिटांत दोन्ही वाक्यं मुलांकडून म्हणून घ्या आणि पुढे जा. समजावत बसलात तर उगाच अवघड होईल. सर्वनाम गाळणंही आपल्यासारखंच: 'येतो' म्हटलं की मी कळतं, तसं 'आब्लो' म्हटलं की मी बोलतो हे कळतं. तू आणि आपण यांच्यासारखं तू आणि उस्तेद आहे. शिक्षकाला उस्तेद म्हणावं हे मुलांना सांगावं लागत नाही, फक्त शब्द द्यावा लागतो.

जिथे मराठी दगा देते ती ठिकाणं मात्र ओळखून ठेवा. आपल्याकडे आकारान्त म्हणजे सहसा पुल्लिंगी: घोडा, आंबा, डबा. स्पॅनिशमध्ये आ म्हणजे बहुतेक स्त्रीलिंगी, ओ म्हणजे पुल्लिंगी. गाता म्हणजे मांजरी, गातो म्हणजे बोका. मराठी मूल 'एल गाता' म्हणतं ते याच सवयीने, आळसाने नव्हे. त्यावर खेळ: दोन डबे, एकावर एल, एकावर ला, घरातल्या वीस वस्तूंची चित्रं त्यात टाकायची. ला मानो (हात), एल दीआ (दिवस), एल मापा (नकाशा) ही उलटी वागणारी मंडळी पहिल्या महिन्यात खेळात घेऊ नका. दुसरं, भूक. आपल्याला भूक लागते. स्पॅनिश माणसाकडे भूक असते: तेंगो आंब्रे. वयही त्याच्याकडे असतं: तेंगो सिएते आन्योस. आणि 'आहे'ला दोन क्रियापदं, सेर आणि एस्तार. मी मुलगी आहे, तिथे सेरचं रूप 'सोय'. मी स्वयंपाकघरात आहे, तिथे एस्तारचं 'एस्तोय'. याचं मराठीत उत्तर नाही, वाक्यं ऐकूनच ते बसतं. व्याकरण म्हणून सांगायची घाई करू नका.

शब्दांच्या बाबतीत कोकण-गोव्याकडून आलेली जुनी पुंजी वापरा. पोर्तुगीज आणि स्पॅनिश सख्ख्या बहिणी, आणि मराठीत पोर्तुगीज शब्द रोज बोलले जातात. बादली तिकडे बाल्दे. साबण, ख़ाबोन. पाव, पान. पपई, पापाया. तंबाखू, ताबाको. पगार हा शब्द ज्यातून आला ते पागार स्पॅनिशमध्येही आहे, अर्थ पैसे देणे. फसवणारा शब्द एकच: बाताता म्हणजे स्पॅनिशमध्ये रताळं. गोव्यात ज्या मुलांना शाळेत पोर्तुगीज आहे त्यांच्यासाठी मात्र ही पुंजी जपून. त्यांच्या तोंडात शेवटचा ओ ऊकडे झुकतो, गातोचा गातु होतो. त्या मुलांना दोन भाषा एकाच दिवशी देऊ नका.

सातव्या आठवड्यापासून वाचनासाठी स्टोरीवीव्हर. प्रथम बुक्सने २०१५ मध्ये सुरू केलेली ही साइट फुकट आहे, चित्रपुस्तकं मुक्त परवान्याखाली आहेत, आणि तीच गोष्ट पुष्कळदा मराठीतही मिळते, स्पॅनिशमध्येही. भाषा स्पॅनिश आणि पातळी १ निवडा. आधी मराठी गोष्ट वाचून दाखवा, पुस्तक मिटा, दुसऱ्या दिवशी स्पॅनिश उघडा. दोन्ही शेजारी ठेवून ओळीला ओळ लावू नका, मूल मराठीच वाचत राहतं. अनुवाद वेगवेगळ्या लोकांनी केलेले असल्यामुळे दर्जा सारखा नाही. एखादं वाक्य विचित्र वाटलं तर त्यातला शब्द स्पॅनिशडिक्टवर बघून घ्या. त्याच साइटवर क्रियापदांचे तक्तेही आहेत, पण ते पालकांसाठी. मुलांसमोर तक्ता नको.

कवडसा:
सगळ्यांचे मनापासून आभार. दोन आठवडे वरच्या क्रमाने झाले. टाळ्यांचा उपाय लागू पडतोय. दोन शंका. मोठी आता पाट्या वाचायला लागली आहे आणि इंग्रजी सवयीने आधी 'होला' आणि 'जेंटे' वाचते. आणि एल-ला च्या डब्यांत धाकट्याने पाणी 'ला'मध्ये टाकलं, आवाजात मात्र 'एल आगुआ' आहे. कोण बरोबर? शिवाय एखादी परीक्षा आहे का, हेही शाळेतल्या पालकांनी विचारलं आहे.

शब्दखेळ:
मोठीला वाचन सुरू झालंच आहे तर पूर्ण मुळाक्षरं नको, पाचच चिठ्ठ्या द्या आणि भिंतीवर लावा. एच: मुका, सीएच (च) सोडून कधीच वाचायचा नाही, म्हणून ओला. जे: ख़. जी: ए आणि ई यांच्या आधी ख़, म्हणून ख़ेंते (लोक), बाकी सगळीकडे ग. क्यू आणि यू मिळून क, यू वाचायचा नाही, म्हणून केसो (चीज). दोन एल मिळून य, म्हणून यावे (चावी). रोज एकाच चिठ्ठीचे आठ शब्द मोठ्याने वाचायचे, दुसरी चिठ्ठी दुसऱ्या दिवशी. जुन्या तक्त्यांत सीएच आणि दोन एल ही वेगळी अक्षरं म्हणून दिसतील. २०१० च्या नव्या शुद्धलेखनापासून ती मुळाक्षरांत धरत नाहीत, अक्षरं २७. तक्ता कोणत्या सालचा ते एवढ्यावरून कळतं.

निळाई:
परीक्षा आहे: देले. ती इन्स्तितुतो सेर्वान्तेस या स्पेन सरकारच्या संस्थेची, दिल्लीत तिचं केंद्र आहे. ११ ते १७ वयासाठी तिची शालेय आवृत्ती असते, पहिली पातळी ए१. वाचन आणि लेखन मिळून ५० गुण, ऐकणं आणि बोलणं मिळून ५०. दोन्हीत वेगवेगळे ३० लागतात. म्हणजे वाचनात कितीही गुण मिळवले तरी बोलण्याची उणीव भरून निघत नाही. प्रमाणपत्राची मुदत संपत नाही, त्यामुळे घाई नको. मोठीला एक वर्ष अजून आहे, ते ऐकण्या-बोलण्यात घाला.

रानवाट:
पाण्याच्या बाबतीत धाकटाही बरोबर आणि आवाजही. आगुआ स्त्रीलिंगीच आहे. पण शब्द जोराच्या आ ने सुरू होत असेल तर एकवचनात त्याच्या आधी ला ऐवजी एल येतो, दोन आ एकमेकांवर आदळू नयेत म्हणून. विशेषण मात्र स्त्रीलिंगीच राहतं: एल आगुआ फ्रीआ, थंड पाणी. अनेकवचनात पुन्हा लास आगुआस. भुकेचं आंब्रे त्याच जातीचं. डब्यात पाण्याचं चित्र 'ला'मध्येच राहू द्या, आणि पाणी मागताना 'एल आगुआ फ्रीआ' हे तीन शब्द एकत्रच म्हणायला लावा. फ्रीआमधला शेवटचा आ कानावर पडत राहिला की लिंग आपोआप बसतं.